साहित्याच्या अभ्यासातील काही संज्ञा : धम्मसाहित्य व आंबेडकरी साहित्याच्या संदर्भात

कोणत्याही विषयाचा अभ्यास करावयाचा म्हटले म्हणजे त्या विषयाची परिभाषा प्रथम समजून घ्यावी लागते. राहाता परिसरातील शेतकऱ्यास आवर्तन, चारी, पोटचारी, टेल हे शब्द कोणी शिकवावे लागत नाहीत. कारण त्या शब्दांवर त्याचे पीक अवलंबून असते. साहित्याच्या परिभाषेची गोष्ट मात्र निराळी आहे. रस, अलंकार, प्रतिमा, प्रतीक, कथानक हे शब्द आमची मुले-मुली परीक्षेपुरते पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरून जातात. त्या शब्दांवर आपलेही काही अवलंबून आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

वस्तुतः पुष्कळ काही अवलंबून आहे. दलित साहित्य जेव्हा मराठीत उभे राहिले तेव्हा 'प्रचारकी', 'आक्रस्ताळे', 'कलादृष्ट्या कच्चे' अशी विशेषणे त्यास लावण्यात आली. ही विशेषणे साहित्यशास्त्राच्या नावाने लावली जात होती. ज्यांच्या हाती संज्ञा होत्या त्यांच्या हाती निवाडाही होता. ज्यास संज्ञा ठाऊक नाही त्यास फार तर संताप व्यक्त करता येतो; प्रतिवाद करता येत नाही. म्हणून ही परिभाषा समजून घेणे हे आम्ही केवळ विद्यार्थ्यांचे काम मानीत नाही. विहारात ग्रंथ ऐकणाऱ्या प्रत्येक उपासक-उपासिकेचे ते काम आहे, असे आम्हांस वाटते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना, अन्य तीन भाषांसह, अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. आपली मातृभाषा आणि आपल्या धम्माची भाषा एकाच दिवशी एकाच मानाच्या धनी झाल्या. दर्जा मिळाला तरी वाचनाचा व्यासंग आपोआप वाढत नाही. तो वाढविण्याचे साधन म्हणून नेहमीच्या काही संज्ञांचा परिचय येथे करून देत आहोत. उदाहरणे शक्य तेथे पाली वाङ्मयातून आणि आपल्या जिल्ह्याच्या साहित्यातून घेतली आहेत.

अर्थ आणि व्यंजन

साहित्यकृतीत काय सांगितले आहे त्यास आशय म्हणतात. कसे सांगितले आहे त्यास अभिव्यक्ती म्हणतात. ही जोडी आधुनिक समीक्षेतून आली असे मानण्याचे कारण नाही. पाली सुत्तांत तथागतांच्या धम्माचे वर्णन अर्थयुक्त आणि व्यंजनयुक्त असे वारंवार येते. अर्थ म्हणजे आशय, व्यंजन म्हणजे तो आशय वाहून नेणारी अक्षरे, शब्द, रचना. दोहोंपैकी एकही बिघडले तर धम्माचा ऱ्हास होतो, असा तेथे इशाराही आहे. आशय खरा असला की भाषेकडे दुर्लक्ष केले तरी चालते, असे म्हणणाऱ्या आपल्या काही तरुण कवींनी हा इशारा ध्यानात घ्यावा. त्याचप्रमाणे, केवळ रचनेची सफाई पाहून आशयाकडे पाठ फिरविणाऱ्या समीक्षकांनाही तो तितकाच लागू आहे.

अभिधा, लक्षणा, व्यंजना

शब्दाच्या तीन शक्ती मानल्या जातात. 'कालव्याला पाणी आले' या वाक्याचा अर्थ सरळ आहे; ही अभिधा. 'सारे गाव सभेला आले' असे म्हटल्यावर घरे-रस्ते आले असे कोणी समजत नाही, गावातील माणसे आली असे समजतो, ही लक्षणा. 'आमची विहीर निराळी होती' हे वाक्य मात्र वरवर पाहता विहिरीविषयी आहे. ऐकणारा जाणता असेल तर त्यास त्यातून गावकुसाबाहेरचे सारे जीवन ऐकू येते; ही व्यंजना. दलित साहित्यातील पुष्कळशी साधी वाक्ये अशी व्यंजनेने भरलेली असतात. ज्या वाचकाने निराळी विहीर पाहिली नाही त्यास ती वाक्ये सपाट वाटतात. दोष मात्र तो लेखकास देतो.

याच्याशी जवळचा असा एक महत्त्वाचा भेद पाली परंपरेत आहे. ज्या सुत्ताचा अर्थ उघड आहे ते नीतार्थ. ज्याचा अर्थ विचाराने काढावा लागतो ते नेयार्थ. अंगुत्तर निकायात असे सांगितले आहे की, नेयार्थ वचनास नीतार्थ म्हणून आणि नीतार्थ वचनास नेयार्थ म्हणून सांगणारा, दोघेही तथागतांचा विपर्यास करतात. कोठे शब्दशः वाचावे आणि कोठे वाचू नये, हा साहित्याच्या अभ्यासातील पहिला विवेक होय. तो अडीच हजार वर्षांपासून आपल्या परंपरेत आहे, ही गोष्ट अभिमानापेक्षाही उपयोगाची आहे.

उपमा, रूपक, प्रतिमा, प्रतीक

या चार संज्ञांची सर्वाधिक सरमिसळ होते. 'आजीचे हात उसाच्या चिपाडासारखे झाले' ही उपमा. येथे हात हे उपमेय, चिपाड हे उपमान, रस निघून गेलेला कोरडेपणा हा दोहोंतील समान धर्म आणि 'सारखे' हा साम्यवाचक शब्द. 'आजीचे हात म्हणजे उसाचे चिपाड' असे म्हटले की साम्य संपून अभेद आला, हे रूपक. संस्कृत शास्त्रात नाटकासही 'रूपक' म्हणतात आणि लांबलचक अभेदावर रचलेल्या कथेस मराठीत 'रूपककथा' म्हणतात. संदर्भ पाहून अर्थ घ्यावा.

उपमेचा खरा अभ्यास करावयाचा असेल तर मज्झिम निकायातील अलगद्दूपम सुत्त वाचावे. पूर ओलांडण्यासाठी मनुष्य तराफा बांधतो आणि पैलतीरास पोहोचल्यावर कृतज्ञतेपोटी तोच तराफा डोक्यावर घेऊन चालू लागतो. धम्म हे उपमेय, तराफा हे उपमान. परंतु समान धर्म कोणता? 'पार नेतो' एवढेच सांगून थांबणारा वाचक अर्धाच अर्थ घेतो. पार जाण्यासाठी आहे, डोक्यावर वाहण्यासाठी नाही, हा त्यातील पूर्ण समान धर्म आहे. उपमा समजणे म्हणजे समान धर्म नेमका शोधणे.

प्रतिमा म्हणजे इंद्रियांना जाणवणारे शब्दचित्र. थेरीगाथेतील सुमंगलमाता ही थेरी आपल्या मुक्तीचे वर्णन करताना मुसळापासून सुटल्याचे सांगते. मुत्ता थेरी उखळ, मुसळ आणि कुबडा पती या तीन वाकड्या गोष्टींतून सुटल्याचे सांगते. मुक्ती ही अमूर्त कल्पना; परंतु उखळ-मुसळाचे नाव निघताच कांडणाऱ्या बाईच्या खांद्यातली कळ वाचकास जाणवते. हे प्रतिमेचे कार्य.

प्रतिमा जेव्हा एका कृतीपुरती न राहता समाजाच्या स्मृतीत स्थिर होते आणि स्वतःहून मोठ्या अर्थाची खूण बनते, तेव्हा ती प्रतीक होते. पाणी हे आपल्या साहित्यातील असेच प्रतीक आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाणी प्राशन केले. त्या दिवसानंतर मराठी कवितेतील पाणी हे नुसते पाणी राहिले नाही. दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील. अकोले तालुक्यातील धामणगाव येथे जन्मलेल्या दया पवार यांनी आपल्या आत्मकथनास 'बलुतं' हे नाव दिले (१९७८). बलुते म्हणजे गावकीच्या कामाबद्दल खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा. ग्रंथाचे शीर्षक होताच तो शब्द जन्माने वाट्यास आलेल्या दुःखाचे प्रतीक झाला. आज तो शब्द उच्चारला की धान्याआधी पुस्तक आठवते, हे प्रतीकाचे सामर्थ्य.

कथानक आणि मिथक

घटना एकामागून एक सांगणे म्हणजे कथा; एका घटनेतून दुसरी का निघाली हे सांगत जाणे म्हणजे कथानक. कार्यकारणभाव हा कथानकाचा कणा होय. मिथक किंवा पुराणकथा ही कार्यकारणभावापेक्षा श्रद्धेच्या आणि अद्भुताच्या बळावर उभी असते.

या भेदाचे सर्वोत्तम उदाहरण आपल्या घराघरांत आहे. सिद्धार्थाने वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला व गृहत्याग केला, ही चार दृश्यांची कथा सर्वपरिचित आहे. मूळ निकायग्रंथांतील महापदान सुत्तात ही कथा विपस्सी बुद्धांच्या चरित्रात येते. धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात तिची चिकित्सा केली होती. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच प्रश्न उपस्थित केला : एकोणतिसाव्या वर्षापर्यंत सिद्धार्थाच्या दृष्टीस वार्धक्य, रोग आणि मृत्यू पडलेच नसतील, हे बुद्धीस कसे पटावे? आणि त्या कथेऐवजी त्यांनी शाक्य व कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा मांडला. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला, बहुमत विरुद्ध गेले, आणि संघाचा नियम व स्वतःची विवेकबुद्धी यांच्या पेचातून परिव्रज्या निघाली.

साहित्याच्या परिभाषेत सांगावयाचे तर बाबासाहेबांनी मिथकाच्या जागी कथानक ठेवले. अद्भुताच्या जागी कारण आले आणि व्यक्तीच्या वैराग्याच्या जागी समाजाचा प्रश्न आला. गोदावरीच्या उजव्या कालव्यावर पाण्याच्या पाळीवरून होणारी बोलाचाली ज्यांनी पाहिली आहे त्या आपल्या भागातील वाचकास रोहिणीचा तंटा समजावून सांगावा लागत नाही. कथानक वाचकाच्या अनुभवाशी जुळते तेव्हा त्यास संभाव्यता म्हणतात. 'कथानक' हा शब्द ज्यास नीट कळला त्यास बाबासाहेबांच्या ग्रंथरचनेतील एक मोठा निर्णय कळला, असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने.

निवेदक आणि आत्मकथन

कथा सांगणारा तो निवेदक. निवेदक आणि लेखक एकच असतात असे नाही. 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवार यास सांगतो, अशी रचना आहे. दोन्ही नावे एकाच माणसाची. एक गावाने दिलेले व मागे राहिलेले, दुसरे साहित्याने दिलेले. सांगणारा आणि ऐकणारा असे एकाच माणसाचे दोन भाग झाल्यामुळे शिकून पुढे गेलेल्या पहिल्या पिढीचे दुभंगलेपण उपदेशाविना प्रकट होते. हे निवेदनतंत्र होय. 'दलित आत्मकथने म्हणजे नुसती कच्ची हकिकत' असे म्हणणाऱ्यास एवढे एक उदाहरण पुरे आहे.

'आत्मचरित्र' आणि 'आत्मकथन' किंवा 'स्वकथन' या संज्ञांतही भेद करावा. आत्मचरित्र बहुधा जीवनाच्या उत्तरार्धात, कर्तृत्व सिद्ध झाल्यावर लिहिले जाते आणि त्याचा केंद्रबिंदू 'मी' असतो. आपली स्वकथने पुष्कळदा ऐन उमेदीत लिहिली गेली आणि त्यांतील 'मी'च्या मागे सारी वस्ती उभी असते. बेबीताई कांबळे यांच्या १९८६ च्या पुस्तकाचे 'जिणं आमुचं' हे शीर्षकच पाहावे. तेथे 'माझं' नसून 'आमुचं' आहे. या परंपरेचे मूळही दूरवर जाते. थेरगाथेतील सुनीत थेर आपण हीन कुळात जन्मलो, सुकलेली फुले काढून टाकण्याचे काम करीत होतो, असे स्वमुखाने सांगतो. झाडणाऱ्याने प्रथमपुरुषी बोलावे आणि ते बोलणे ग्रंथात जतन व्हावे, ही त्या काळी लहान घटना नव्हती.

साहित्यप्रकार

कथा, कादंबरी, कविता, नाटक ही विभागणी आपल्या परिचयाची आहे. पाली परंपरेने बुद्धवचनाचे नऊ अंगांत वर्गीकरण केले : सुत्त, गेय्य, वेय्याकरण, गाथा, उदान, इतिवुत्तक, जातक, अब्भुतधम्म आणि वेदल्ल. गेय्य म्हणजे गद्यपद्यमिश्रित रचना, वेय्याकरण म्हणजे स्पष्टीकरणात्मक गद्य, गाथा म्हणजे पद्य, उदान म्हणजे अंतःकरणातून सहज उमटलेला उद्गार, वेदल्ल म्हणजे प्रश्नोत्तररूप चर्चा. येथे आशय, रूप आणि कथनाचा प्रसंग या तिन्ही कसोट्या दिसतात. जातककथेची रचना तर पाच भागांची आहे : वर्तमानकथा, अतीतकथा, गाथा, गाथेचे विवरण आणि शेवटी दोन्ही काळांतील पात्रांचा मेळ घालणारे समोधान. कथेत कथा गुंफण्याच्या तंत्रास आजची समीक्षा चौकटकथा म्हणते.

मराठीतील प्रकार पाहताना ओवी आणि जलसा यांचा विचार अवश्य करावा. आपल्या जिल्ह्यातील नेवासे येथे १२९० साली ज्ञानेश्वरीच्या रूपाने ओवी ग्रंथबद्ध झाली, हे पाठ्यपुस्तक सांगते. जात्यावरची ओवी बायकांच्या कंठात होती व पुढेही राहिली, आणि विसाव्या शतकात त्याच ओवीत बाबासाहेब आले, हेही सांगावयास हवे. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी संकलित केलेल्या जात्यावरच्या ओव्यांत भीमरायाच्या ओव्यांचा मोठा संग्रह आहे. जलशाने तमाशाचा साचा घेतला. परंतु कृष्ण-गोपींची गौळण वगळली आणि बतावणीत सामाजिक प्रश्नांवरील सवाल-जवाब आणले. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांनी हा प्रकार गाजविला. जुना साहित्यप्रकार नव्या आशयासाठी कसा बदलतो, याचा हा पाठ होय.

पुनरुक्ती

काव्यशास्त्रात पुनरुक्ती हा दोष गणला जातो. सुत्तपिटक वाचताना नवा वाचक याच कारणाने कंटाळतो; तेच वाक्य, तोच क्रम पुन्हा पुन्हा येतो. परंतु हे वाङ्मय शतकानुशतके मुखपाठाने जपले गेले. सामूहिक पठणात पुनरावृत्ती ही स्मृतीची दोरी असते. लेखनात उतरवताना मधला भाग गाळून 'पेय्याल' अशी खूण करण्याची पद्धतही याच परंपरेने निर्माण केली. जे डोळ्यांसाठी दोष ते कानांसाठी साधन असू शकते. शाहिरी गीतातील ध्रुवपदाचे आणि सभेतील भाषणाचे परीक्षणही कानाने करावे.

करुण रस आणि करुणा

शेवटची आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची संज्ञा रस. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स आणि अद्भुत असे आठ रस सांगितले. शांत हा नववा पुढे मान्य झाला. करुण रसाचा स्थायीभाव शोक आहे. रंगभूमीवरील शोक सहृदय प्रेक्षक आस्वादतो, त्याचे स्वतःचे दुःख त्यात मिसळत नाही, म्हणून त्यास आनंद होतो, असा या सिद्धान्ताचा आशय.

धम्मातील करुणा ही निराळी गोष्ट आहे. मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा या चार ब्रह्मविहारांतील ती एक. दुसऱ्याचे दुःख दूर व्हावे ही तिची प्रेरणा. करुण रसात दुःख आस्वादाचा विषय होते. करुणेत दुःख निवारणाचा विषय होते. शब्द जवळचे, दिशा विरुद्ध. दलित स्वकथने वाचून 'फारच करुण आहे हो' असे म्हणत डोळे पुसणारा आणि पुस्तक मिटवून पूर्वीप्रमाणेच वागणारा वाचक रसास्वाद घेऊन मोकळा होतो. लेखकाने मात्र त्याच्याकडे करुणेची मागणी केलेली असते. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात आनंदावर आधारलेली कसोटी या साहित्यास अपुरी असल्याचे मांडले आणि समता, स्वातंत्र्य, न्याय यांच्याशी सौंदर्याचे नाते जोडले, त्याची पार्श्वभूमी ही आहे. रससिद्धान्त टाकाऊ आहे असा याचा अर्थ नव्हे. नाटकासाठी घडविलेले माप प्रत्येक वस्तूस लावू नये, एवढाच याचा अर्थ.

उपरोधाचेही असेच आहे. थेरीगाथेतील पुण्णिका ही पाणी वाहणारी दासी. नदीत बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणास ती विचारते की, तसे असेल तर बेडूक आणि कासवे सारेच स्वर्गास जातील ना? येथे रौद्र नाही, शिवी नाही. बोलण्याच्या ओघातच प्रतिपक्षाचे म्हणणे हास्यास्पद ठरते. उपरोध म्हणजे हेच. विद्रोह म्हणजे केवळ उंच स्वर, असा समज असणाऱ्यांनी पुण्णिकेकडून शिकावे.

संज्ञांचा वापर

वर्षावासात विहारांतून ग्रंथवाचन होते. वाचन संपल्यावर पाच प्रश्न विचारण्याचा प्रघात पाडावा, अशी आमची सूचना आहे. हे कोण सांगत आहे, कोणास सांगत आहे? यातील कोणता भाग शब्दशः घ्यावयाचा आणि कोणता अर्थ काढून? येथे उपमा आहे काय, असल्यास समान धर्म नेमका कोणता? एका घटनेतून दुसरी घटना कारणाने निघते की चमत्काराने? आणि हे ऐकून आपणांस केवळ हळहळ वाटली, की काही करावेसे वाटले? या पाच प्रश्नांत वरील बहुतेक संज्ञा येऊन जातात. त्यासाठी पदवीची आवश्यकता नाही.

मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात तथागत सांगतात की, एकाच भांड्यास निरनिराळ्या जनपदांत निरनिराळी नावे असतात. आपल्याकडील नावच खरे असा हट्ट धरू नये, आणि लोकांतील रूढ नावाची अवहेलनाही करू नये. साहित्याच्या संज्ञांविषयी याहून चांगला नियम आम्हांस ठाऊक नाही. विद्यापीठातील संज्ञा शिकाव्यात, पालीतील शिकाव्यात, आजीच्या ओवीतील शिकाव्यात. नाव कोणतेही असो, भांड्यात काय आहे हे ओळखता आले पाहिजे. ते ओळखता आले म्हणजे आपल्या साहित्याचा निवाडा दुसऱ्यावर सोपविण्याची वेळ आपल्यावर येणार नाही.